परदेशात फिरताना कोणत्या पाट्या बघून तुम्हाला हसू आलं किंवा गोंधळायला झालं?

मला सगळ्यात आधी आठवते ती आयर्लंडमधली, आणि ती साधी टॉयलेटची पाटी होती. डब्लिनहून गॉलवेला जाताना वाटेत जेवायला थांबलो होतो, मागच्या बोळात दोन लाकडी दारं, वर पितळी अक्षरं, एकावर एफ-आय-आर आणि दुसऱ्यावर एम-एन-ए, ना बाईचं चित्र ना पुरुषाचं. आता एफ म्हणजे फीमेल आणि एम म्हणजे मेन, अक्षरं लावणाऱ्याने मागेपुढे केली असतील असं कोणालाही वाटणारच, माझ्या मोठ्या भावाने तर एमचं दार ढकललंसुद्धा होतं. तेवढ्यात हातात ताटल्यांची चळत घेऊन जाणाऱ्या वेट्रेसने न थांबता नुसत्या हनुवटीने दुसरं दार दाखवलं, म्हणजे हे तिचं रोजचंच असणार. बिल देताना मी तिला मुद्दाम विचारलं. आयरिश भाषेत पुरुष म्हणजे 'फार', त्याचं अनेकवचन 'फिर'. बाई म्हणजे 'बॅन', आणि तिचं अनेकवचन चक्क 'म्ना', पहिलं अक्षरसुद्धा शिल्लक राहत नाही! तिथल्या राज्यघटनेप्रमाणे आयरिश ही पहिली अधिकृत भाषा आहे, रोज बोलणारे कमी असले तरी पाट्यांवर ती अशी जपलेली दिसते, आणि मला ते फार आवडलं.

तेव्हापासून सवयच लागली, पाटी विचित्र दिसली की फोटो काढून पुढे जायचं नाही, तिथल्या कोणालातरी विचारायचं. कारण कळलं की मजा कमी होत नाही, उलट वाढते.

फ्रान्समध्ये गाडी चालवणार असाल तर हे नक्की लक्षात ठेवा. एका छोट्या गावात शिरलो, समोर दोन पाट्या, एका बाणावर 'तूत दिरेक्स्यों' म्हणजे सगळ्या दिशा आणि दुसऱ्या बाणावर 'ओत्र दिरेक्स्यों' म्हणजे बाकीच्या दिशा. अहो, सगळ्या दिशांमध्ये बाकीच्या आल्याच ना, मग उरलं काय? आम्ही त्या गोल चौकाला तीन चकरा मारल्या, मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन थकला. शेवटी पेट्रोल पंपावरच्या आजोबांनी कागदावर रेघा मारून समजावलं. 'सगळ्या दिशा' ही पाटी ज्यांना गावात काम नाही त्यांच्यासाठी, ती तुम्हाला बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लावून देते. आणि 'बाकीच्या दिशा' म्हणजे त्या चौकात ज्या गावांची नावं लिहिली आहेत ती सोडून उरलेलं सगळं. तुमच्या गावाचं नाव कुठेच दिसत नसेल तर तिकडे वळायचं. एकदा डोक्यात बसलं की इतकं सोपं वाटतं, नंतर पूर्ण ट्रिपमध्ये एकदाही चुकलो नाही.

चीनमधल्या पाट्यांवर तर लोक भरपूर हसतात, ओल्या फरशीवर 'काळजीपूर्वक घसरून पडा' अशा अर्थाचं इंग्रजी लिहिलेलं असतं ती सगळ्यात प्रसिद्ध. पण मूळ चिनी वाक्य अगदी बरोबर असतं, 'श्याओशिन' म्हणजे सांभाळा आणि पुढच्या शब्दाचा अर्थ घसरून पडणं, म्हणजे 'सांभाळा, घसराल'. शब्दाला शब्द ठेवला की सूचनेचा सल्ला होतो. ज्याने ते लिहिलं त्याने परक्या माणसाचं डोकं फुटू नये म्हणूनच लिहिलंय ना, त्यामुळे मला त्या पाटीबद्दल मायाच वाटते. 1 डिसेंबर 2017 पासून तिथे अशा इंग्रजी पाट्यांसाठी राष्ट्रीय मानक लागू झालंय, तर हळूहळू कमी होतील.

याच्या उलट किस्सा वेल्समधल्या स्वान्सीचा, ही मी स्वतः पाहिलेली नाही, 2008 साली बातम्यांत आली होती. तिथे पाट्या इंग्रजी आणि वेल्श दोन्हीत असतात. 'अवजड वाहनांना प्रवेश नाही' याचं भाषांतर मागवायला ईमेल केला, वेल्शमध्ये उत्तर आलं, तेच पाटीवर छापून रस्त्यावर लावलं. वेल्श येणाऱ्यांनी वाचलं तर लिहिलेलं होतं की मी सध्या ऑफिसमध्ये नाही, भाषांतराचं काम असेल तर पाठवा!

सिंगापूरच्या मेट्रोत सिगारेटला 1000 डॉलर दंड, खाण्यापिण्याला 500, पेटणाऱ्या वस्तूंना 5000, आणि खाली ड्युरियन फळावर काट मारलेली, पण दंडाचा आकडाच नाही. त्या फळाचा वास बंद डब्यात एकदा भरला की काय होतं हे बाजारात त्याच्या गाड्याजवळून गेलं तरी कळतं, आकडा लिहायची गरजच नाही.

आणि नॉर्वे. ट्रॉनहाइमजवळ 'हेल' नावाचं स्टेशन आहे, इंग्रजी स्पेलिंग नरकाचंच. लाकडी इमारतीवर जुनी पाटी, 'गॉड्स एक्स्पेडिशन'. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं नरकात देवांची स्वारी आली! पण नॉर्वेजियनमध्ये 'गॉड्स' म्हणजे रेल्वेचा माल, म्हणजे ही मालाच्या बुकिंगची कचेरी. आणि हेल हे नाव आलंय गुहेसारख्या कपारीच्या जुन्या शब्दावरून. आम्ही उतरलो तेव्हा आमच्याशिवाय एक म्हातारं जोडपं होतं, तेही पाटीखाली उभं राहून एकमेकांचे फोटो काढत होतं, मग आम्ही त्यांचा दोघांचा काढून दिला आणि त्यांनी आमचा.