ट्यूबवरची बारीक अक्षरं आधी वाच

प्रश्न : ताई, मी 19 वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, रोज स्कूटीवरनं कॉलेजला जाते. कपाळ, गाल, हनुवटी सगळीकडं पिंपल्स आहेत. आजी म्हणाली लिंबू चोळ, मैत्रीण म्हणाली टूथपेस्ट लाव, दोन्ही करून झालं. मग शेजारच्या काकूंनी मेडिकलमधनं एक ट्यूब आणून दिली, आठवड्यात चेहरा क्लिअर! दोन महिने लावली. आता बंद केली तर पहिल्यापेक्षा डबल आलेत आणि उन्हात गेलं की चेहरा लाल होऊन भगभगतो. पुढच्या महिन्यात दादाचं लग्न आहे, परत चालू करू का? आई तांबडा रस्सा पण बंद कर म्हणते.

उत्तर : नको गं बाई, परत नको. ती ट्यूब घे, उजेडात धर आणि मागची बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे, आणि तू सांगतेस त्यावरनं मला तोच डाऊट आहे. पिंपल कसा येतो बघ, कातडीतल्या ग्रंथी तेल सोडतात, ते मेलेल्या कातडीत अडकून छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. स्टिरॉइड फक्त ती सूज आणि लाली दाबतं, बुजलेलं छिद्र तसंच राहतं, म्हणून आठवड्यात जादू दिसते आणि सोडलं की सगळं उसळून वर येतं, वर कातडी पातळ होते ती वेगळीच. 2018 साली सरकारनं अशा बऱ्याच क्रीमना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केलीय, तरी काकूंना कशी मिळाली हे काकूंनाच ठाऊक!

तेव्हा ट्यूब पर्समध्ये टाक आणि स्किनच्या डॉक्टरला दाखव, सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढून दाखवलंस तरी चालेल. पाळी पुढं-मागं होत असेल तर तेही सांग, लाजू नको. तोवर चेहऱ्यावर प्रयोग बंद. सकाळ-संध्याकाळ साध्या फेसवॉशनं धू, घासू नको, ज्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे छिद्रं न बुजवणारं) लिहिलंय असं हलकं मॉइश्चरायझर लाव, बाहेर पडताना सनस्क्रीन. लिंबू तर अजिबात नको, आधीच सोललेल्या कातडीवर आंबट चोळायचं म्हणजे काय! लग्नाआधी पार्लरमध्ये ब्लीच-फेशियलला पण जाऊ नको, वहिनी कितीही आग्रह करू देत.

आणि स्कार्फ. आपल्याकडं पोरी डोळे सोडून सगळं तोंड बांधून गाडी चालवतात, तोच घामट स्कार्फ चार-चार दिवस डिकीत पडलेला असतो. रोज धुतलेला सुती वापर. रात्री डोक्याला तेल थापून झोपायची सवय असेल तर कपाळावरचे तिथनंच येत असतील.

ज्यांनी असली ट्यूब लावलेली नाही आणि थोडेच पिंपल्स आहेत त्यांनी 2.5 टक्केवालं बेंझॉइल परॉक्साइड जेल रात्री पातळ लावून बघावं, सुरुवातीला एक दिवसाआड. फरक दिसायला सहा-आठ आठवडे जातात, आठ दिवसांत काही होत नाही म्हणून टाकून देऊ नये. टॉवेल मात्र पांढरा घ्या, माझ्या चांगल्या निळ्या टॉवेलवर पांढरे डाग पडलेत.

तांबडा रस्सा खा गं निवांत. तिखटानं पिंपल येतात याला काही पुरावा नाही. हात आखडायचा तर कोल्ड्रिंक आणि गोडावर आखड.

प्रश्न : मी तालमीत जातो, वय 17. पाठीवर, खांद्यावर आणि गालावर मोठे दुखरे फोड येतात. फोडले तर लवकर जातात का?

उत्तर : फोडू नको रे, आतली घाण अजून खोल जाते आणि खड्डा राहतो तो कायमचा. सराव झाला की लगेच आंघोळ, आणि दुसऱ्याच्या टॉवेलनं अंग पुसायचं नाही. व्हे प्रोटीन घेत असशील तर महिनाभर थांबवून बघ, काहीजणांना त्यानं फोड वाढतात. पण कुणी ‘ताकदीची’ म्हणून बिननावाच्या डब्यातली पावडर किंवा इंजेक्शन दिलं असेल तर ते आजच बंद, त्यातल्या अंग कमवायच्या स्टिरॉइडनं (वरच्या ट्यूबमधलं वेगळं) नेमके पाठ-खांद्यावरच असे फोड येतात. डबा घेऊन डॉक्टरकडं जा, वस्तादांनाही दाखव.