मार्शल पास, टीएसआर पास, तरी बीसी तडकलं

तू लिहिलंयस की रस्त्याच्या बीसीची (बिटुमिनस काँक्रीट, डांबराचा सगळ्यात वरचा थर) मार्शल स्टॅबिलिटी (मालाचा दाबून केलेला नमुना, म्हणजे गोळा, मोडायला लागणारा जोर) ९ केएन (किलोन्यूटन) लागते तिथे १५ आली, टीएसआर (भिजवलेल्या गोळ्याची ताकद कोरड्याच्या किती टक्के) ८० च्या वर, सगळे खूश, आणि दुसरा पावसाळा सरेपर्यंत तडे. आता कुठली टेस्ट लावू म्हणतोस.

आधी साइटवर जाऊन तडे बघ रे. आपल्याकडे अर्धा रस्ता डोंगर कापून आणि अर्धा भरावावर, त्यामुळे भरावाच्या कडेने रस्त्याला समांतर एकच लांब तडा असेल तर भराव खचलाय, तिथे डांबराची टेस्ट करून काय मिळणार. पण चाकांच्या पट्ट्यात मगरीच्या पाठीसारखी जाळी असेल तर तड्यावरच कोअर (रस्त्यातून कापून काढलेला गोल नमुना) घे, म्हणजे तडा खालून वर आलाय की वरून खाली गेलाय ते दिसेल. खालून असेल तर डीबीएम (बीसीच्या खालचा डांबरी थर) आणि त्याखालचं पाणी पण तपासावं लागेल.

आता मार्शल का फसवतं. ती टेस्ट ६० डिग्रीला होते, त्यात माल उन्हात मऊ पडेल का याचा थोडाफार अंदाज येतो, तड्याबद्दल काहीच कळत नाही. टीएसआर तर नुसतं ओल्या-कोरड्याचं गुणोत्तर, दोन्ही गोळे सारखेच कडक आणि ठिसूळ असले तरी आकडा झकास येतो. उडदाचा सुका पापड आणि आंबापोळी दोन्ही वाकवून बघ, पापड जोर घेतो आणि कट्कन मोडतो, आंबापोळी ताणत राहते. आपल्याला मोडायला लागल्यावर पुढे काय होतं ते हवंय.

त्यासाठी तुझ्यासारख्या लॅबला आयडियल-सीटी ही तड्यांची टेस्ट बरी, टेक्सास ए अँड एमच्या ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूटमधून आलेली. टीएसआरला आयटीएस (गोळा आडवा दाबून फोडायची टेस्ट) करतोस तशीच, २५ डिग्री, मिनिटाला ५० मिमी, खाच नको, गोंद नको. गोळा मात्र १५० मिमी व्यासाचा आणि ६२ मिमी उंच, म्हणजे चार इंची मार्शल मोल्ड चालणार नाही. आणि डायल गेजवर पीक (सगळ्यात जास्त लोड) वाचून मशीन बंद करायची सवय सोड, लोड उतरत जातो तो पूर्ण ग्राफ रेकॉर्ड व्हायला हवा. ग्राफखालच्या क्षेत्रफळावरून ऊर्जा काढायची, पीकनंतर लोड ७५ टक्क्यांवर येतो तिथल्या उताराने तिला भागायचं, आणि तिथवर झालेल्या सरकण्याला व्यासाने भागून गुणायचं. येणारा आकडा म्हणजे सीटी इंडेक्स, जास्त तितका चांगला; उतार जितका खडा तितका तो कमी.

यात एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. गोळ्यात व्हॉइड्स (हवेच्या पोकळ्या) जास्त राहिले की इंडेक्स वाढतो! म्हणजे वाईट दाबलेला माल कागदावर चांगला. म्हणून व्हॉइड्स ७ टक्के, अर्धा इकडेतिकडे, त्याबाहेरचा गोळा सरळ फेकून दे. तसंच पीएमबी (पॉलिमर मिसळलेलं डांबर) घातलं की पीक आणि उतार दोन्ही चढतात, त्यामुळे इंडेक्स हवा तसा वाढत नाही, म्हणून पीएमबी वाईट असं लगेच ठरवू नको. अमेरिकेतल्या राज्यांच्या मर्यादाही उचलून लावू नको, आपल्या रस्त्यासाठी आयआरसी ३७ (इंडियन रोड्स काँग्रेसचा रस्ता डिझाइनचा कोड) डांबरी थराचा मॉड्युलस (कडकपणा) ३५ डिग्रीचा घेते, त्यामुळे आपलेच मिक्स आपापसात ताडून बघ.

इलिनॉयची आय-फिट ही तड्यांची टेस्ट पण चांगली, पण अर्धा गोळा कापून १५ मिमीची खाच पाडायची तर नीट करवत हवी. बीम फटीग (डांबराची पट्टी पुन्हापुन्हा वाकवायची टेस्ट) मोठ्या लॅबचं काम, वेळ खातं. डीसीटी ही टेस्ट विसर, ती शून्याखालच्या थंडीसाठी, आपल्याकडे थंडीत पंखा तरी बंद होतो का.

आता खरं काम. डिझाइनच्या लॅब मिक्सचे गोळे कर (सुटा माल १३५ डिग्रीला ४ तास ओव्हनमध्ये ठेवून मग दाब), आणि डंपरमधून उचललेल्या मालाचे वेगळे कर, त्यांना पुन्हा ओव्हन नको. आमच्याकडे एका कामात लॅबचा इंडेक्स छान आणि डंपरचा पार आपटलेला. प्लांट लांब, मध्ये घाट, माल थंड होऊ नये म्हणून प्लांटवाला व्हीजी-३० (डांबराचा ग्रेड) ची १६५ डिग्रीची मर्यादा सोडून भरपूर तापवत होता, पाऊस यायच्या आत काम उरकायची घाई वेगळीच. डांबर प्लांटमध्येच म्हातारं झालं होतं, रस्त्यावर पोचलं ते सुकलेलंच. तुझा पण तसाच निघाला तर बाइंडर (मिक्समधलं डांबर) वाढवायच्या भानगडीत पडू नको, आधी प्लांटच्या तापमानाचं रजिस्टर माग. लॅब आणि डंपर दोन्हीकडे इंडेक्स कमी आला तरच बाइंडर ०.३ टक्क्याने वाढवून परत गोळे कर, पण मग व्हील ट्रॅकिंगही (चाक फिरवून माल किती खचतो ते बघायची टेस्ट) करून घे, नाहीतर तडे थांबून चाकोऱ्या येतील.

प्लांट आता ऑक्टोबरपर्यंत बंद असेल ना, तोवर कोअरचं उरकून घे आणि फोटो टाक.