गाडी पट्टीवर आपटते, दोष कुठे शोधावा?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा कब स्काउटमध्ये (लहान मुलांच्या स्काउट पथकात) असून पाइनवुड डर्बीसाठी, म्हणजे लाकडी खेळण्यातल्या गाड्यांच्या उतारावरील शर्यतीसाठी, त्याने लाकडी ठोकळ्यातून गाडी घडवली आहे. वजन 5 औंसांच्या मर्यादेत आहे, चाकांना ग्राफाइटची पूडही लावली आहे. तरीही सरावाच्या उतारावर ती दोन्ही बाजूंच्या चाकांमधून जाणाऱ्या मधल्या पट्टीवर कधी डावीकडून, कधी उजवीकडून आपटत खाली येते. चाके सरळ कशी करावीत?

उत्तर : कब स्काउट पथकप्रमुख डॉन मर्फी यांनी 1953 मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे सुरू केलेल्या या शर्यतीत गाडीला इंजिन नसते, उतारावर मिळालेला वेग वाटेत किती वाया जातो, यावरच निकाल ठरतो. आपल्या गाडीचा वेग पट्टीवरच्या प्रत्येक धक्क्यात जात आहे, त्यामुळे ग्राफाइट वाढवून उपयोग होणार नाही.

प्रथम केवळ मागची चाके पाहावीत. किंचित कललेल्या गुळगुळीत फळीवर गाडी सावकाश पुढे आणि मग मागे न्यावी. दोन्ही वेळा चाक, ते ज्यावर फिरते त्या खिळ्याच्या डोक्याकडे सरकले, तर ते योग्य बसले आहे. दोन्ही वेळा लाकडाकडे सरकले, तर त्याचा वरचा भाग बाहेर झुकलेला असतो. आणि एका दिशेला बाहेर, दुसऱ्या दिशेला आत येत असेल, तर खिळा पुढे किंवा मागे तिरपा बसला आहे असे समजावे. ठोकळ्यातील तयार खोबणी नेहमीच काटकोनात असतात असे नाही आणि ठोकळ्यासोबत मिळणारे खिळेही अगदी सरळ नसतात, म्हणून खिळा पकडीने थोडा थोडा फिरवून पुन्हा तपासावे. हे काम चिकाटीचे आहे, पण ते मुलालाच करू द्यावे. कोणत्या वळणाने चाक कुठे जाते, हे त्याला लवकर उमगेल. चाक आणि लाकूड यांत क्रेडिट कार्डाच्या जाडीइतकी फट पुरते.

पुढच्या चाकांबाबत मात्र माझा सल्ला आपल्या प्रश्नाच्या उलट आहे : गाडी अगदी सरळ धावावी असा आग्रह धरू नये. सरळ सोडलेली गाडी थोड्याशा हेलकाव्याने दोन्ही बाजूंना आपटते. त्याऐवजी पुढचे एक चाक जमिनीपासून किंचित उचललेले ठेवावे आणि दुसरे असे वळवावे, की चार फुटांच्या अंतरात गाडी त्या चाकाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे त्या चाकाकडून मधल्या पट्टीकडे, दोनेक इंच ओढली जाईल. म्हणजे ते चाक पट्टीला हलके टेकून राहते आणि मागची चाके पट्टीपासून दूर राहतात. चाक उचलणे किंवा खिळा वाकवणे काही पथकांच्या नियमांत बसत नाही, तेव्हा आधी नियमपत्रक वाचावे.

वजन बसवण्यापूर्वी केलेली जुळणी वजन बसवल्यावर बिघडू शकते, म्हणून ही तपासणी पूर्ण वजनानिशीच करावी आणि समाधान झाल्यावर खोबणीत गोंदाचा एक थेंब सोडून खिळे पक्के करावेत.