हातात कोणता कागद आला?

पोलीस ठाण्यातून बाहेर पडताना तक्रारदाराच्या हातात बहुधा चारपैकी एक कागद असतो: आवक शिक्का मारलेला अर्ज, गहाळ वस्तूची नोंद, अदखलपात्र (दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशा) गुन्ह्याची नोंद म्हणजे एनसी, किंवा दखलपात्र गुन्ह्याच्या एफआयआरची प्रत. घरी येऊन सगळेच सांगतात, ‘कम्प्लेंट दिली.’ पुढे काय होणार ते मात्र कागदावर ठरतं, आणि या वेळी वाचकांनी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ तिथंच आहे. खालची कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतली (गुन्हे आणि शिक्षा) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली (तपास आणि कोर्टाची पद्धत) आहेत.

एसटीत गर्दीत खिशातला मोबाइल गेला. ठाण्यात सांगितलं, ऑनलाइन ‘गहाळ’ टाका. तसं केलं. आता विमा कंपनी म्हणते, हा कागद चालणार नाही.

कंपनीचं म्हणणं चूक नाही. गहाळ नोंद म्हणजे ‘माझी वस्तू माझ्याकडूनच हरवली’ हे तुमचंच निवेदन. त्यात गुन्हा नाही, म्हणून तपासही नाही. केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर फोन ब्लॉक करायला आणि नवं सिम घ्यायला ती पुरते, चोरीच्या विम्याला नाही.

आता ठाण्यात लेखी पुरवणी अर्ज द्या. पहिल्या नोंदीचा क्रमांक लिहा आणि बस कुठून कुठे जात होती, फोन कोणत्या खिशात होता, शेवटचा कधी वापरला, धक्काबुक्की कुठे झाली हे सांगा. ‘हरवला’ हा शब्द कुठेही नको, ‘चोरीस गेला’ लिहा. बिल जोडा. आयएमईआय हा १५ आकडी क्रमांक खोक्यावर किंवा बिलावर सापडेल.

किंमत लिहिताना जरा जपून. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र झाली आहे, त्यामुळे जुना फोन म्हणून अंदाजाने ‘तीन हजार’ लिहिलंत की एनसीवर बोळवण होऊ शकते. प्रवासी वाहनातून झालेली चोरी मात्र कलम ३०५ मध्ये येते. ती दखलपात्र आहे आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बसचं तिकीट जपून ठेवलं असेल तर तेही जोडा. चोरी लोकलमध्ये झाली असेल तर तपास लोहमार्ग पोलिसांकडे जातो, पण फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते.

पार्किंगवरून शेजाऱ्याने मारलं. पोलिसांनी एनसी लिहून ‘कोर्टात जा’ म्हटलं. बोट अजून सुजलेलं आहे.

आजच एक्स-रे काढा. सगळं त्यावर अवलंबून आहे.

साधी दुखापत (कलम ११५(२)) अदखलपात्र आहे. तिथे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, म्हणजे त्यांनी सांगितलं ते तेवढ्यापुरतं बरोबर आहे. पण हाड मोडलं किंवा निखळलं, दात पडला किंवा खिळखिळा झाला, अथवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचं काम करता आलं नाही, तर ती कलम ११६ नुसार गंभीर दुखापत होते आणि गुन्हा दखलपात्र होतो. करंगळीचं हाडही हाडच. कोयता, सुरी असं हत्यार वापरलं असेल तर जखम किरकोळ असली तरी गुन्हा दखलपात्र.

ठाण्यातून मेडिकल यादी (तपासणीसाठी पोलिसांनी डॉक्टरांना दिलेलं पत्र) मागून घ्या आणि ती घेऊन सरकारी रुग्णालयात जा. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. खासगी दवाखान्यात ‘पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही’ ऐकावं लागू नये म्हणून माणूस ‘जिन्यावरून पडलो’ सांगतो, आणि केसपेपरवर तेच उमटतं. पुढे आरोपीचा वकील पहिल्यांदा तोच केसपेपर काढतो. कोणी, कशाने, किती वाजता मारलं हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा आणि लिहिलेलं वाचून घ्या. फ्रॅक्चर निघालं तर दाखल्याची प्रत एनसी क्रमांकासह ठाण्यात द्या, एफआयआर नोंदवण्याची लेखी मागणी करा आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

फ्रॅक्चर नसेल तर दोन वाटा. शेजारी पुन्हा त्रास देईल अशी भीती असेल तर कलम १२६ खाली प्रतिबंधक कारवाई, म्हणजे ज्याला सगळे चॅप्टर केस म्हणतात ती, मागा. त्यात एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचं बंधपत्र घेतलं जातं. शिक्षाच हवी असेल तर दंडाधिकाऱ्यांकडे तपासाची परवानगी मागा किंवा खासगी फिर्याद दाखल करा. मुदत एक वर्षाची आहे. एनसीचा कागद कपाटात ठेवून दुसरा दिवाळसण आला की हा रस्ता बंद.

प्लॉटसाठी चार लाख दिले. तो प्लॉट आधीच दुसऱ्याला विकलेला निघाला. ठाण्यात म्हणतात, दिवाणी बाब आहे.

पैसे परत द्यायला उशीर झाला, व्यवहार फिसकटला, एवढंच असेल तर पोलिसांचं बरोबर आहे. फसवणुकीत (कलम ३१८(४)) हेतू पहिल्या दिवसापासून खोटा होता हे दिसावं लागतं. तुमच्याकडे तो पुरावा आहे, फक्त तो अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवा: आधीच्या विक्रीच्या दस्ताची तारीख, सूची क्रमांक २ ची (नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या उताऱ्याची) प्रत, सातबारा, फेरफार आणि त्यानंतरच्या तारखेची तुमच्या पैशांची बँक नोंद. दोन तारखा शेजारी शेजारी आल्या की ‘दिवाणी’ म्हणणं अवघड जातं. प्रत्यक्षात अर्जांची दोन पानं विश्वासघाताच्या दुःखाने भरलेली असतात आणि तारखा सापडत नाहीत.

आर्थिक व्यवहारांत एफआयआरआधी प्राथमिक चौकशी करायला सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात (२०१३) मुभा दिली आहे. पण ती साधारण १५ दिवसांत, अपवादात्मक स्थितीत कारण नोंदवून सहा आठवड्यांत संपवायची असते. चौकशी बंद केली तर त्या नोंदीची प्रत आठवड्याच्या आत तक्रारदाराला द्यायची असते. ती मागा.

तरीही नकार आला तर कलम १७३(४). तक्रारीचा मजकूर ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयाच्या हद्दीत परिमंडळ उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा. पावती आणि पोहोचल्याची नोंद जपा. तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, सोबत प्रतिज्ञापत्र हवं. मधली पायरी गाळून थेट कोर्टात गेलं तर अर्ज तिथेच अडकतो. मुख्यमंत्री, गृहमंत्री, आयुक्त अशा दहा ठिकाणी ईमेल पाठवण्याची हौस अनेकांना असते. ते सगळे फिरून त्याच ठाण्यात येतात.

पोलिसाने पैसे उकळले, बेकायदा डांबून ठेवलं किंवा कोठडीत गंभीर मारहाण केली, अशी तक्रार असेल तर तिच्यासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे.

सासर नाशिकला, सध्या माहेरी कोल्हापुरात. छळाची तक्रार द्यायला नाशिकलाच जावं लागेल का?

नाही. छळामुळे सासर सोडून जिथे आसरा घेतला तिथेही तक्रार देता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा रूपाली देवी प्रकरणातला निकाल (२०१९) आहे. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशनाला बोलावतील. जायला हरकत नाही, पण तडजोड नको असेल तर तसं लेखी द्या. तातडीने संरक्षण किंवा खर्चासाठी पैसे हवे असतील तर संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्जही सोबतच करा.

अकरा वर्षांच्या मुलीवर ओळखीच्या माणसाने अत्याचार केला. खासगी रुग्णालयाने आधी पोलिसांचं पत्र मागितलं. उपचारांचा खर्चही झेपणारा नाही.

पत्र मागताच येत नाही. कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना स्वतः कळवायचं. टाळलं तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली तो गुन्हा आहे. तिला आंघोळ घालण्याआधी तपासणी व्हावी. तेव्हाचे कपडे धुऊ नका, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते आणि नमुने खराब होतात.

तिने ठाण्यात जायचं नाही. पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार, जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. समितीकडे तिच्यासाठी सहायक व्यक्ती मागा. कोर्टाच्या तारखा, समुपदेशन, शाळा या सगळ्यांत त्या व्यक्तीचा आधार होतो.

पैशांसाठी राज्य सरकारची मनोधैर्य योजना आहे. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, एफआयआर, वैद्यकीय कागद आणि बँक पासबुकासह. प्रकरणाच्या स्वरूपाप्रमाणे मदत दहा लाखांपर्यंत मिळते आणि मोठा हिस्सा मुदत ठेवीत जातो. शिक्षा होण्याची वाट पाहायची नसते. शिवाय खटला सुरू असतानाच विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. हे आपोआप होईल असं धरून बसू नका, सरकारी वकिलांना अर्ज द्यायला सांगा. विधी सेवेची हेल्पलाइन १५१००, वकील मोफत.

चोरीला गेलेलं मंगळसूत्र सापडलं, पण पोलीस देत नाहीत.

त्यांना देता येत नाही, तो मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा आहे. कोर्टात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा. सोबत एफआयआर, सराफाची पावती आणि तुमचं ओळखपत्र. पावती नसेल तर मंगळसूत्र गळ्यात असलेला लग्नातला जवळचा फोटो. तपास अधिकाऱ्याचं म्हणणं येतं, फोटो आणि पंचनामा होतो, तुम्ही बंधपत्र लिहून देता, मग आदेश घेऊन मुद्देमाल कारकुनाकडे जायचं. निकाल लागेपर्यंत ते विकायचं नाही, मोडायचं नाही. सोनाराने वितळवून लगड केली असेल तर वजनात फरक पडतो, म्हणून फिर्यादीतलं वजन पावतीप्रमाणे असावं, अंदाजाने नको.

घरफोडीला वर्ष झालं. कोर्टाची नोटीस आली, पोलिसांनी ‘अ समरी’ पाठवली आहे म्हणे.

समरी म्हणजे तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. ‘ब’ म्हणजे तक्रार खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. विमा कंपनीला ‘अ’ लागतेच, तेव्हा दाव्यासाठी तिची प्रमाणित प्रत काढून घ्या.

तपास नीट झाला नाही असं वाटत असेल तर नोटिशीतल्या तारखेला हजर राहून लेखी हरकत द्या. तुम्हाला म्हणणं मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोर्ट समरी मंजूर करू शकत नाही. ‘तपास समाधानकारक नाही’ एवढ्याने काही होत नाही. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज घेतलं नाही, वॉचमनचा जबाब नोंदवला नाही, बोटांच्या ठशांचा अहवाल जोडलेला नाही, अशी एकेक गोष्ट लिहा. पुढील तपासाचा आदेश अशा मुद्द्यांवर होतो. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं कलम १९३(३) नुसार बंधनकारक होतं. ती कळवली नसेल तर तेही हरकतीत लिहा. आणि नोटीस ‘ब’ची असेल तर तारीख चुकवू नका, कारण खोट्या माहितीबद्दल कलम २१७ खाली कारवाई तुमच्यावर येऊ शकते.