आधी तिच्याजवळ बस

"मावशी, ऑफिसमधली माझी जिवाभावाची मैत्रीण हिंदू आहे. तिची आई गेली त्या दिवसापासून मी तिला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर बायबलमधलं वचन पाठवत होते. दहाव्याला भेटले तेव्हा म्हणाले, 'येशूला स्वीकार, शांती मिळेल.' तेव्हापासून ती माझ्यासोबत डबा खायला बसत नाही. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, साक्ष न देणं, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल न सांगणं, हे प्रभूला नाकारणंच आहे. मग मी गप्प बसू का?"
– एक वाचक, अहिल्यानगर

प्रिय मुली,

तुझी तळमळ खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण मैत्रीण दुखावली आहे आणि चूक तुझी आहे, हे आधी सांगते.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढ. ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे तिघे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी चकार शब्द काढला नाही, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे ते त्यांना दिसत होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. बोलत होते देवाबद्दलच, तरी शेवटी देवाचा कोप झाला तो त्या तिघांवर. तू तर पहिल्या दिवसापासूनच बोलत होतीस.

माझे यजमान गेले तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या बायका आल्या, 'देवाची इच्छा' म्हणाल्या आणि गेल्या. शेजारच्या काकू आमच्या धर्माच्या नव्हेत. त्यांनी न विचारता परात काढली, कणीक मळली, पोळ्या लाटल्या, ओटा पुसला. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताला पिठाचा वास होता, तो मला अजून आठवतो.

आता नाकारण्याबद्दल. 'जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन,' हे येशूचं वचन मत्तयाच्या दहाव्या अध्यायात आहे. जरा वर वाच, म्हणजे कळेल की तिथे शिष्यांना सुभेदारांपुढे आणि राजांपुढे उभं केलं जाईल ही गोष्ट चालली आहे. दरडावून विचारल्यावर 'मी त्याचा नव्हे' म्हणणं वेगळं. रडणाऱ्या मैत्रिणीशेजारी गप्प बसणं म्हणजे नाकारणं, असं मला तरी तिथे कुठे सापडत नाही.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बायबलमधलं पहिलं पत्र मात्र तुझ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. पंत, गलतिया, कप्पदुकिया अशा प्रांतांत पांगलेले, चार लोकांत वेगळे पडलेले विश्वासणारे, त्यांना तो लिहितो. तुमच्या आशेबद्दल जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. विचारील त्याला! प्रश्न समोरच्याकडून यायचा असतो. प्रेषितांच्या कृत्यांतला सुवार्ता सांगणारा फिलिप्पसुद्धा एका हबशी अधिकाऱ्याच्या रथाजवळ गेला, त्याला एक प्रश्न विचारला आणि 'वर ये, बस' म्हटल्यावरच रथात चढला.

तुमच्या नगरशी ज्यांचं नातं आहे ते कवी रेव्हरंड ना. वा. टिळकच घे. आगगाडीत भेटलेला एक अनोळखी युरोपियन त्यांच्याशी आधी कवितेबद्दल बोलला, मग नवा करार हातात देऊन निघून गेला. वाचलं ते टिळकांनी स्वतः. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. टिळकांसारखा बोलका माणूस नवरा असूनही मधली वर्षं लक्ष्मीबाईंची स्वतःचीच होती. तुझ्या मैत्रिणीची वर्षंही तिचीच आहेत. ती कधीच ख्रिस्ती झाली नाही, तरी तुमच्या मैत्रीत काही उणं येता कामा नये. ती ख्रिस्ती व्हावी ही अट मनात ठेवून जवळ जाणार असशील तर जाऊच नकोस.

उद्या तिच्या टेबलापाशी जा. मेसेज नको, समोर जा. "तू रडत होतीस आणि मी वचनं पाठवत बसले, माझं चुकलं," एवढंच म्हण. सोबत वचन जोडू नकोस. प्रार्थना घरी कर, तिचं नाव घेऊन, रोज. कधीतरी तिनंच विचारलं की तुला एवढा धीर कुठून येतो, तर तुझ्या आयुष्यात जे घडलं ते दोन वाक्यांत सांग. मार्काच्या पाचव्या अध्यायात बऱ्या झालेल्या माणसाला येशूनं तेवढंच सांगितलं होतं: घरी जा, प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं ते आपल्या माणसांना सांग.

पण ते पुढचं. आधी तिच्या आईबद्दल विचार. डब्यात काय द्यायच्या, हाक कशी मारायच्या. ती सांगू लागली तर मध्ये बोलू नकोस, डबा गार झाला तरी चालेल.

तुझी,
मावशी