नावाची घाई

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि जीवाश्माचे फोटो मिळाले. ‘हा सेराटाइटच ना?’ असं विचारलंयस खरं, पण प्रश्नचिन्ह नावापुरतंच दिसतंय. शिवणीच्या रेघेतले सॅडल (पुढचे वळसे) गुळगुळीत, लोबांना (मागच्या वळशांना) तेवढे बारीक दाते, म्हणजे सेराटाइट. पुस्तकात ॲमोनॉइडांचे, म्हणजे या नामशेष, गुंडाळलेल्या कवचाच्या समुद्री प्राण्यांचे प्रकार तसेच दिलेले असतात: गोनियाटाइटची शिवण साधी नागमोडी, सेराटाइटच्या फक्त लोबांना दाते, ॲमोनाइटची सगळीच झालरीची. तरी चिठ्ठीवरचं नाव तूर्तास पेन्सिलीनंच राहू दे.

तिसरा फोटो पुन्हा बघ. दगडाची कड सगळीकडून सारखीच गुळगुळीत आहे. या प्राण्याच्या कवचात आडवे पडदे असतात आणि पडदा कवचाच्या आतल्या भिंतीला जिथे चिकटतो, ती रेघ म्हणजे शिवण. कवच गेलं आणि आत भरलेल्या गाळाचा साचा उरला, की मगच ती दिसते. पडद्याला सगळ्यात जास्त चुण्या पडतात त्या अगदी भिंतीलगत. आत जावं तसा तो सपाट होत जातो. त्यामुळे साचा जरासा जरी झिजला तरी झालर आधी जाते आणि अस्सल ॲमोनाइट सेराटाइटचं सोंग घेऊन बसतो. मी यात सपशेल फसलोय. आकृती काढून, चिठ्ठी चिकटवून मोकळा झालो होतो. पुढे कधीतरी त्याच नमुन्याच्या एका कोपऱ्यातली माती सुईनं उकरली, तर खाली नेच्याच्या पानासारखी नक्षी! आकृती फाडली, चिठ्ठी मात्र अजून जपून ठेवली आहे.

तुझ्या नमुन्यात मधल्या खळग्याजवळ तपकिरी पापुद्रा उरलेला दिसतो. तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं हळूहळू साफ कर. पृष्ठभाग ओला केलास की रेघ उठून दिसते. मग पारदर्शक कागदावर उतरव, बाहेरच्या कडेच्या मध्यावर बाण काढ, टोक कवचाच्या तोंडाच्या दिशेला. तोंडाकडे फुगलेला वळसा सॅडल, उलटा लोब. बाण विसरलास तर दोन्हींची अदलाबदल होते. एकावर न थांबता लागोपाठच्या तीन शिवणी काढ. अगदी शेवटच्या मात्र नकोत, कारण वाढ पुरी झाली की शेवटचे पडदे दाटीवाटीनं बसतात. ती दाटी वेगळी नोंदव, प्राणी प्रौढ होता याची ती खूण आहे.

समजा झीज नाही, दाते खरोखरच तेवढेच आहेत. तरीही थांब. सेराटाइटांचा गण ट्रायासिक कालखंडाबरोबर, सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वी, संपला. नंतरच्या क्रिटेशस कालखंडातल्या टिसोटिया या प्रजातीची शिवण मात्र सेराटाइटसारखी, आणि ती जगली त्यानंतर दहा कोटींहून जास्त वर्षांनी! पूर्वज बघितले तर ती ॲमोनाइटांच्याच घरातली. शिवण नंतर पुन्हा साधी झाली, एवढंच. तेव्हा ‘सेराटाइटसारखी शिवण’ हे वर्णन झालं, ‘सेराटाइट’ हे कूळ झालं. पुस्तकं हे दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबतात आणि पोरं गोंधळतात.

कधी कधी एकच खूण पुरते, हेही खरं. क्लायमेनिया या ॲमोनॉइडांच्या गटात पडद्यांतून जाणारी नळी वेटोळ्याच्या आतल्या बाजूनं असते. बाकीच्या ॲमोनॉइडांत ती बाहेरच्या कडेनं. क्लायमेनिया डेव्होनियन कालखंडाच्या अखेरीलाच सापडतात, म्हणजे ती नळी दिसली की थराचं वयही हातात आलं. आणि आजचा नॉटिलस हा समुद्री प्राणी कितीही तसाच दिसो, त्याला यांचा सख्खा समजू नकोस. त्याची नळी पडद्याच्या मध्याजवळून जाते. ॲमोनॉइड निघाले बॅक्ट्रिटिड या सरळ कवचाच्या जुन्या प्राण्यांतून, आणि त्या नात्यानं स्क्विड-ऑक्टोपस त्यांना जवळचे.

ब्रुगिएर या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं 1789 साली ‘ॲमोनाइटिस’ ही प्रजाती केली, तेव्हा शिंगासारखी गुंडाळलेली सगळी कवचं त्या एकाच पोत्यात गेली. पुढे पोतं फोडायची इतकी चढाओढ लागली, की एकाच थरातल्या लहान आणि मोठ्या नमुन्यांना वेगवेगळ्या प्रजातींची नावं मिळाली. लहानाच्या तोंडाला कानासारख्या पाळ्या, मोठ्याचं तोंड साधं, वेगळे वाटणारच. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला माकोव्स्की आणि कॅलोमन या अभ्यासकांनी कवचाचे आतले वेढे ताडून पाहिले, तर लहानपणी दोघं हुबेहूब. ही एकाच जातीची नर-मादी जोडी असावी. लहान तो नर, असं बहुतेक मानतात. म्हणून फुटका नमुना टाकून देऊ नकोस, आतले वेढे त्यातच दिसतात. चकाकणारे अखंड नमुने कपाटात शोभतात, शिकवत फारसं काही नाहीत.

आकृती झाली की पाठव, चुकली असेल तरी. आणि चार पानांच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे: दगड थरात रुतलेला होता, की उतारावर सुटा पडलेला? सुटा असेल तर त्याच्या वरचे आणि खालचे थर कुठले होते, तेवढं आठवून लिही.

तुझा,
काका