बागेची प्रश्नोत्तरं : पाला भरपूर, फुलं कुठे?

प्रश्न : गच्चीवर 12 इंची कुंडीत मोगरा आहे. हिरवागार आहे, पण गेल्या उन्हाळ्यात जेमतेम चार-पाच कळ्या धरल्या. दर आठवड्याला शेणाचं पाणी घालते. आणखी कोणतं खत द्यावं?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : सध्या कोणतंच नको. शेणाचं पाणीही आता बंद करा. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की मोगरा पाल्यावर जातो आणि नुसत्या लांबलचक फांद्या सोडतो. त्याची कळी येते नव्या फुटीच्या टोकाला, म्हणून जानेवारीतली छाटणी चुकवायची नाही. त्याआधी पाणी तोडा. जमिनीतलं झाड दोन-तीन आठवड्यांचा ताण सोसतं, कुंडीतल्याला आठ-दहा दिवस पुरे. पानं मलूल होऊन पिवळी पडू लागली की ताण बसला असं समजा. काड्याच सुरकुतायला लागल्या तर मात्र लगेच पाणी द्या.

मग सगळ्या फांद्या निम्म्यावर आणा, वाळक्या काड्या बुडापासून काढा आणि उरलेली पानं हातानं खुडून टाका. (चार हिरवी पानं ठेवावीशी वाटतात. ठेवू नका.) वरची दोन इंच माती उकरून तीत दोन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा, नंतर कुंडीच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या. मार्चच्या सुमारास कळ्या दिसू लागतील. एक बहर तोडून झाला की प्रत्येक शेंडा एका पानजोडीसह खुडा, पुढची फूट तिथूनच निघते. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली किती वेळ पडते तेवढं पाहून घ्या.

प्रश्न : जास्वंदीला कळ्या खूप लागतात, पण उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात. पाणी कमी-जास्त करून पाहिलं.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : औषध आणण्याआधी गळलेली कळी ब्लेडनं उभी चिरा. आत बारीक पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या तर ती कळीमाशी. ती कोवळ्या कळीत अंडी घालते, अळ्या कळी आतून खातात, कळी पडली की मातीत शिरून कोष करतात आणि पुन्हा माशी होऊन वर येतात. अळ्या कळीच्या आत असल्यामुळे वरून मारलेली फवारणी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो : पडलेल्या कळ्या रोज वेचून पिशवीत घट्ट बांधून टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. झाडावरच्या पिवळ्या पडू लागलेल्या कळ्याही काढा. प्रादुर्भाव फार असेल तर दोन-तीन आठवडे लहान-मोठी एकूण एक कळी खुडा, म्हणजे माशीला अंडी घालायला जागाच उरत नाही. गेंदेदार, दुहेरी पाकळ्यांच्या जातींना हा त्रास जास्त होतो. साधी पाच पाकळ्यांची गावठी लाल जास्वंद बरीच निभावून नेते.

कळीत काही सापडलं नाही, पण देठाशी कापसासारखं पांढरं आणि खोडावर मुंग्यांची रांग असेल, तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं झाड धुवा. मग 1 लिटर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि 1-2 मिली भांडी घासायचा द्रव साबण घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनही. साबण आधी तेलात कालवायचा, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. दर सात दिवसांनी, असं तीनदा.

प्रश्न : डिसेंबर आला तरी शेवंतीला कळी नाही. कुंडी फाटकाशेजारी, दिव्याखाली आहे.
(एक वाचक, सातारा)

उत्तर : दिव्यानंच घोटाळा केला. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधार लागतो. शेवंती उशिरा फुलवायची असेल तर शेतकरी मुद्दाम रात्री दिवे लावतात. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात न्या, किंवा संध्याकाळी 6 ते सकाळी 7 तिच्यावर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला. एकही रात्र चुकवू नका. दिवसा पूर्ण ऊन द्या. तीन-चार आठवड्यांत कळ्या दिसायला हव्यात. आता शेंडे खुडू नका. ते काम ऑगस्टअखेर संपवायचं असतं. बहर ओसरला की झाड चार इंचांवर कापा, बुडातून निघणाऱ्या काश्या (नवे फुटवे) पुढच्या लागवडीला उपयोगी पडतील.

प्रश्न : कलमी गुलाब आणला होता. आता उंच, जोमदार फांद्या येतात, पण पहिल्यासारखं फूल येत नाही.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : त्या फांद्या डोळा भरलेल्या गाठीच्या, म्हणजे कलम जिथे जोडलंय त्या जागेच्या, खालून निघाल्या आहेत का ते पाहा. तसं असेल तर ती खालच्या खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम केलंय त्या झाडाची, वाढ आहे. माती बाजूला सारून फांदी जिथून फुटली तिथूनच ओढून उपटा. वरून कापली तर दुप्पट फुटते. गाठीवरचा भाग वाळून गेला असेल, तर नवीन कलम आणलेलं बरं.